चाळीच्या टोकाची तीन पिंपं

अण्णा,

काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी ओरडले. अगदी तुमच्यासारखी ओरडले. आधी आवाज खाली, मग एकदम वर, आणि मध्येच टेबलावर हात आपटून शेजारच्याचा चहा सांडवला. विषय कचऱ्याचा होता. रावेतला मुलाकडे राहायला आल्यापासून मला दुसरा विषयच सुचत नाही, असं सूनबाई म्हणते, आणि ते खरं आहे. तुमच्या वेळी रावेत म्हणजे नदीकाठचं एक गाव होतं. आता तिथे चौदा-चौदा मजल्यांच्या इमारती आहेत आणि आमच्या इमारतीत तर बहुतेक सगळे इंजिनियर. तीन वर्षं मी या लोकांना सांगतेय की ओलं वेगळं ठेवा, सुकं वेगळं ठेवा, काच त्याहून वेगळी ठेवा. दारोदार जाऊन सांगितलं, गणपतीत मांडवात डबे ठेवून करून दाखवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवशी प्रसादाच्या द्रोणांत फुटका बल्ब. पालथ्या घड्यावर पाणी. काल एक जण उठला, चाकणच्या कुठल्याशा कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि हसत हसत मला म्हणाला, "काकू, तुम्ही उगाच जिवाला लावून घेता. शेवटी सगळं एकाच गाडीत जातं." बाकीचेही हसले. मग मी ओरडले. मुलानं हाताला धरून घरी आणलं. एवढं काय त्यात, असं तो मला लिफ्टमध्ये विचारत होता. त्यात एवढं काय आहे ते मी कोणालाच सांगितलेलं नाही, तुम्हालाही नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे.

पानशेत फुटल्यानंतर चारेक वर्षांनी आपण चिंचवडला राहायला आलो. स्टेशनच्या पलीकडे पत्र्याची चाळ, एका रांगेत बारा खोल्या, मागे ओढा. तुम्ही कंपनीत भंगार यार्डात होता. कोणी विचारलं की आई "स्टोअरमध्ये आहेत" असं सांगायची, आणि मीही शाळेत तेच सांगायची. एकदा तुमचा डबा घरी राहिला म्हणून मी गेटवर आले होते, तर वॉचमननं मला थेट यार्डापर्यंत सोडलं. मला ते अजून जसंच्या तसं दिसतं. लेथवरून निघालेला लोखंडाचा कीस डोंगराएवढा पडलाय, उन्हात चमकतोय, त्याला तेलाचा वास येतोय, आणि तुम्ही उकिडवे बसून त्यातून पितळेचे बारीक तुकडे हातानं वेचताय. मी म्हटलं, एवढ्या ढिगात एवढंसं पितळ राहिलं तर कोणाला कळणार आहे? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "भट्टीला कळतं. मिसळलं की कचरा, वेगळं ठेवलं की माल." मग खिशातून ते घोड्याच्या नालेसारखं लोहचुंबक काढून किसावरून फिरवलंत. चिकटलं ते एका बाजूला, न चिकटलेलं दुसऱ्या बाजूला. मला त्या वेळी तुमचा फार अभिमान वाटला, आणि गेटबाहेर पडताना वर्गातली एक मुलगी दिसली तेव्हा मी रिकाम्या हातानं उगाच दुसऱ्या रस्त्याला वळले.

आपल्या घरात कचरा असा नव्हताच. आईच्या त्या टीचभर स्वयंपाकघरात चुलीची राख भांड्यांना, भाजीची देठं आणि खरकटं पलीकडच्या गवळ्याच्या म्हशीला, तुपाचा रिकामा डबा डाळीला, तो गंजला की तुळशीला. जुनं लुगडं आधी गोधडीत, मग पायपुसण्यात, आणि अगदी विरल्यावर तुमच्या सायकलची चेन पुसायला. वह्यांची कोरी पानं काढून तुम्ही त्यांची नवी वही शिवून द्यायचात, पोत्याच्या दोऱ्यानं. मला त्या वहीचीही लाज वाटायची. हल्ली याला मोठमोठी नावं आहेत आणि त्यावर पोस्टर रंगवण्याच्या स्पर्धा होतात. नातीनं मला परवा विचारलं, आजी, रिसायकलिंग म्हणजे काय ते तुला माहीत आहे का? मी म्हटलं, बाई गं, मी त्यातच वाढले.

पण चाळ म्हणजे काही आपलं घर नव्हतं. बारा खोल्यांतलं सगळं ओढ्यात जायचं. ग्रामपंचायतीची बैलगाडी आठवड्यातून एकदा यायची, कधी यायचीही नाही, आणि आली तरी चाळीपुढचं वरवरचं भरून पुढे जायची. पावसाळ्यात ओढा फुगला की आपण टाकलेलं आपल्याच दारात परत. डबे, चिंध्या, काचा, मेलेली घूस. मी सातवीत गेले त्या वर्षी चाळीतली चार पोरं तापानं आजारी पडली आणि तुम्ही मनावर घेतलंत. कंपनीतून तीन रिकामी पिंपं रीतसर परवानगीनं आणलीत, सोड्यानं धुतलीत, आणि चाळीच्या टोकाला विटांवर उभी केलीत. पत्र्यात अक्षरं कापून साचा बनवलात आणि पांढऱ्या रंगानं एकेकावर छापलंत: कागद, काच, पत्रा. काय सुंदर अक्षरं होती ती! कंपनीच्या खोक्यांवर असतात तशी, एकसारखी, करकरीत. रविवारी सगळ्या पुरुषांना बोलावून तुम्ही भाषण केलंत. म्हणालात की ही पिंपं भरली की काचपत्रावाली येऊन घेऊन जाईल, त्याचा पुन्हा कागद होईल, पुन्हा काच होईल, आणि ओढा मोकळा वाहील. पुरुषांनी माना डोलावल्या. बायका दारांतून ऐकत होत्या. त्यांना कोणी पुढे बोलावलं नाही, अण्णा. कचरा टाकणाऱ्या त्या, आणि भाषण त्यांच्या नवऱ्यांना. मला आजही या गोष्टीचा राग येतो. मूठभर किसातलं पितळ तुम्हाला दिसायचं, आणि बारा दारांत उभ्या असलेल्या बारा बायका दिसल्या नाहीत.

काचपत्रावाली ओढ्यापलीकडच्या झोपडीत राहायची. खांद्यावर चाकणच्या कांद्याचं बारदान, पायात दोन वेगवेगळ्या चपला. पूर्वी ती ओढ्यात उतरून घाणीतून वेचायची. पिंपं आल्यावर सोमवारी आणि शुक्रवारी सकाळी चाळीत येऊ लागली. तुम्ही पहिल्या पाळीला निघताना तिला "या बाई" म्हणायचात. तिला अहोजाहो करणारा मी पाहिलेला पहिला माणूस तुम्ही. तिलाही नवल वाटायचं. "सायेब, तुमच्या चाळीत हात घालाया भ्या न्हाई वाटत," असं ती एकदा म्हणाली होती आणि तुम्ही ते आईला दोनदा सांगितलं होतंत.

आणि आपल्या शेजारच्या खोलीत बार्शीकडच्या मावशी. नवरा फाउंड्रीत, मूलबाळ नाही, माझ्यावर जीव. त्यांना वाचता येत नव्हतं. हे चाळीत फक्त मला माहीत होतं. गावाकडून पत्र आलं की त्या मला "जरा डाळ निवडाया ये" म्हणून हाक मारायच्या, दार लोटून घ्यायच्या आणि पत्र पुढे करायच्या. नवऱ्यालाही त्यांनी कधी कळू दिलं नव्हतं. लग्नाच्या वेळी मुलगी चौथी शिकलेली आहे असं सांगितलं होतं म्हणे. "कुनाला बोलू नगंस हां, पोरी," असं दर वेळी म्हणायच्या आणि हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायच्या. मी कोणाला बोलले नाही. एवढी एक गोष्ट मी नीट केली.

पिंपं आल्यापासून माझे शाळेत हाल सुरू झाले. आपल्या चाळीतल्याच कोणीतरी वर्गात सांगितलं आणि मी "भंगारवाल्याची" झाले. सातवीत होते मी, अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी येऊन काही बोलायची सोय नव्हती. कारण तुम्ही कामावरून आल्या आल्या आधी पिंपं तपासायचात, मग पाय धुवायचात. एकदा पत्र्याच्या पिंपात माझ्या वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर सापडलं तर सगळ्यांसमोर मला ते उचलायला लावलंत. "दुसऱ्याला काय सांगू मी, माझ्याच घरात अंधार," असं म्हणालात. चाळीतल्या पोरी बघत होत्या. त्या दिवशी त्या पिंपांना आग लागावी असं मला वाटलं, आणि तुम्हालाही थोडी झळ लागावी असंही वाटलं. आता लिहिते आहेच तर लपवत नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतलीच गोष्ट. गुरुवार होता. मी नळावरून कळशी घेऊन येत होते आणि मावशी पिंपांपाशी उभ्या होत्या. हातात वर्तमानपत्राचं एक पुडकं. आदल्या दिवशी त्यांच्या कंदिलाची काच फुटली होती. फुटकी काच कधी उघडी टाकू नये, कोणाच्या पायात जाईल, म्हणून ती कागदात गुंडाळायची, वरून दोरा बांधायचा, ही आपल्या बायकांची रीत. मावशींनी तशीच नीट गुंडाळून आणली होती. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "पोरी, काच कंच्या पिंपात गं? काय लिवलंय ह्येच्यावर?" मला फक्त बोट दाखवायचं होतं. मधलं पिंप. पण माझी कळशी जड होती, माझं डोकं तापलेलं होतं, आणि समोरच्या ओट्यावर त्याच पोरी बसल्या होत्या. मी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "टाका कशातही, मावशी. शेवटी सगळं एकाच गाडीत जातं." पोरी हसल्या. मला बरं वाटलं. "आसं व्हय?" मावशी म्हणाल्या, "मंग तुझं आन्ना येवढा खटाटोप कशापायी करत्यात?" मी कळशी दुसऱ्या कमरेवर घेतली. ते गाडीत जात नाही, काचपत्रावाली हातानं काढते, हे मला पक्कं ठाऊक होतं. मावशींनी ते पुडकं हलकेच पहिल्या पिंपात ठेवलं. ते कागदाचं होतं.

शुक्रवारी सकाळी काचपत्रावाली किंचाळली तेव्हा तुम्ही डबा सायकलला अडकवत होता. तिनं नेहमीच्या भरवशानं कागदाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला होता आणि वरचा ढीग दाबला होता. तळव्यावर इकडून तिकडे चीर. तुम्ही रुमाल बांधलात, तिला टांग्यात घालून दवाखान्यात नेलंत, पाळी बुडवलीत. तुमची पाळी बुडलेली मी तोवर कधी पाहिली नव्हती. परत आलात तेव्हा सदऱ्यावर रक्त होतं. पिंपातून ते पुडकं काढून तुम्ही चाळीच्या मधोमध उभे राहिलात आणि विचारलंत, हे कोणाचं? मग मावशी आपल्या दारातून पुढे आल्या. त्यांनी गप्प बसायला हवं होतं, हसलेल्या त्या पोरीही काही बोलल्या नसत्या. पण त्या आल्या आणि म्हणाल्या, "म्या टाकलं, भाऊ."

पुढचं मला शब्दन् शब्द पाठ आहे. आधी तुमचा आवाज खाली होता. "त्या बाईचं पोट त्या हातावर आहे, वहिनी." मग एकदम वर. "एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय! डोळे फुटले होते का तुमचे? वाचता येत नाही का?" बारा दारांत बाराही घरं उभी होती. मावशींचा नवरा रात्रपाळी करून आला होता, तो मान खाली घालून उभा होता. मावशींनी तुमच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तुमच्या मागेच होते, आईच्या पदराशी. त्यांच्या पाहण्यात राग असता तर मी आज सुखानं झोपले असते. त्या फक्त वाट बघत होत्या. मग त्यांनी मान वळवली आणि म्हणाल्या, "चुकी झाली, भाऊ. येतंय की वाचाया. ध्यान न्हवतं." आणि आत गेल्या.

रविवारी तुम्ही पिंपं कंपनीत परत नेऊन दिलीत. अक्षरं खरवडून काढलीत आधी, कंपनीचं पिंप जसं आणलं तसं परत गेलं पाहिजे म्हणून. काचपत्रावाली पुन्हा चाळीत आली नाही. महिन्याभरानं ओढ्यात दिसली, हाताला फडकं बांधलेलं, दुसऱ्या हातानं वेचत होती. चाळीचा कचरा पुन्हा ओढ्यात जायला लागला, आणि तुम्ही आयुष्यभरासाठी एक वाक्य धरलंत: "माणसं शिकत नाहीत." वर्तमानपत्र वाचताना म्हणायचात, निवडणुकीत म्हणायचात, माझ्या लग्नात जेवणाच्या पंगतीत उष्टं टाकलेलं पाहूनही म्हणालात. पुढे नगरपालिका आली, सिमेंटच्या कचराकुंड्या आल्या, आईनं एकदा तुम्हाला सुचवलं की आता त्यांच्याकडे जाऊन पुन्हा काही करून बघा. "कानाला खडा," असं म्हणून तुम्ही विषय संपवलात. मावशींशी तुम्ही पुन्हा धड बोलला नाहीत. संक्रांतीला त्या तिळगूळ घेऊन यायच्या आणि तुम्ही तेवढ्यापुरते सायकल पुसायला बाहेर जायचात.

सातवीचा निकाल लागला तेव्हा मला शाईचं पेन हवं होतं. तुम्ही ते लोहचुंबक दिलंत. यार्डात नवं मिळालं होतं, हे जुनं तुम्ही साहेबांना विचारून घरी आणलं होतं. "जे चिकटतं ते ओळखायला अक्कल लागत नाही," असं तुम्ही म्हणालात, "न चिकटलेलं काय आहे ते बघायचं." त्या वेळी मी ते घेतलं आणि रडले, आणि आईला वाटलं पेनासाठी रडते आहे.

तुम्ही गेलात तेव्हा माझी मोठी मुलगी शाळेत जायला लागली होती. तोपर्यंत किती वर्षं गेली मध्ये! पंधरा-सोळा. त्यातल्या कुठल्याही दिवशी मला बोलता आलं असतं. दिवाळीला माहेरी आले की आपण दोघं ओट्यावर बसायचो, तुम्ही ओढ्याकडे बघून तुमचं वाक्य म्हणायचात, आणि मी "हो ना अण्णा" म्हणायचे. हो ना अण्णा! तुम्हाला मिठी मारून रडावं असंही वाटायचं आणि गदागदा हलवावं असंही. मावशी तुमच्या दहाव्याला आल्या होत्या. पार थकल्या होत्या. माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "देवमानूस व्हता तुझा बाप. मला यकदा बोट धरून दावलं आसतं, तर म्या जलमभर पाळलं आसतं." मी त्यांचा हात हातात घेतला. त्याहून जास्त काही माझ्याच्यानं झालं नाही. नंतर त्या बार्शीला गेल्या आणि तिकडेच वारल्या, असं उडत उडत कानावर आलं.

काल रात्री ओरडून आल्यावर घसा बसला होता. आज सकाळी खाली गेले. आमच्या डब्यांवर मी स्वतः पदरचे खर्चून छापलेल्या रंगीत पट्ट्या लावल्या आहेत, मराठीत आणि इंग्रजीत. त्या वाचणारे इंजिनियर कधी खाली उतरतच नाहीत. कचरा घेऊन उतरतात त्या त्यांच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बायका. तीन वर्षं मी मीटिंगा घेतल्या, आणि त्यांतल्या एकीलाही कधी बोलावलं नाही. मी तिथे तशीच उभी राहिले. एक बाई पिशवी घेऊन आली. मी तिला विचारलं, यात काच आहे का? ती घाबरली, तिला वाटलं मी ओरडणार. मग मी तिचा हात धरला आणि एकेका डब्याला लावून सांगितलं. तिला दोन मिनिटं लागली समजायला. दोन मिनिटं, अण्णा.

माणसं शिकत नाहीत हे तुमचं म्हणणं खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे सांगू शकेल असं चाळीत मावशींखेरीज एकच माणूस होतं. मावशींनी माझ्यासाठी तोंडाला कुलूप लावलं. मी कोणासाठी लावलं? सुरुवातीला तुमच्या भीतीनं, मग लाजेनं, आणि नंतर नुसतंच सवयीनं. काल त्या माणसावर मी एवढी का तुटून पडले ते त्याला कधी कळणार नाही. त्यानं माझंच वाक्य मला परत दिलं होतं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, तो असता तरी मी ते आजही पाठवलं असतं असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही. तुमचं लोहचुंबक मी ज्या डब्यात जपून ठेवलंय, त्यातच घडी घालून ठेवते आहे. पण निदान कागदावर तरी लिहून ठेवते: ती काच मावशींनी टाकली नव्हती, अण्णा. मी टाकली होती.